सात नंबरचा शिक्का

कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून कमळाकरशेठनी तिचा इतिहास लिहायचं काम अष्टमी गावच्या गोपाळकृष्ण मास्तरांना दिलं. वरसे गावच्या शेडमध्ये मिठागरांचे पंप बनवणारी कंपनी आता हेलिकॉप्टरचे नि तोफांचे सुटे भाग करते, केवढी मजल! मास्तर तर हुरळूनच गेले होते.

पुंडलिक मात्र त्या पुस्तकाला टरकून होता. तो कंपनीतला तपासनीस. विमानाच्या कामात तपासनिसाचा शिक्का ज्याचा त्याचा, तो दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे पापच. आणि ह्या शहाण्याने तो दिला होता! एक्याण्णव साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दारात यायची होती. रोह्याचा माणूस त्या दिवशी कामावर थांबतो होय? आपला सात नंबरचा शिक्का हाताखालच्या रघूकडे टाकून पुंडलिक घरी पळाला आणि रघूने मापं न घेताच ब्रॅकेटच्या अख्ख्या लॉटवर तो मारला.

शेठना ते कळलं, पण ते ओरडले नाहीत, तेच वाईट. त्यांनी कबुली लिहून घेतली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, "लॉट बाहेर गेला रे. आता कुणाच्या हेलिकॉप्टरला लागेल, देव जाणे."

झालं, मान अडकली ती अडकलीच. नाशिकची नोकरी चालून आली, तर शेठ म्हणाले, "जा की! तो कागद मी तिकडे पाठवतो." वाकडी भोकं पाडलेला लॉट आला नि पुंडलिकने नकार दिला, की शेठ हसून विचारायचे, "पालखी आठवते ना?" मग हा मुकाट शिक्का मारायचा. बायको सगुणा कळवळून म्हणायची, "अवो, सोडा ती कंपनी, दोन घास जात नाय तुमच्या पोटात." कसला सोडतोय! वर हेलिकॉप्टर घरघरलं की हातातलं काम टाकून तो ते नजरेआड होईपर्यंत बघत राहायचा. अशी बावीस वर्षं गेली.

मास्तर छापायला जाणारी पानं घेऊन त्याच्या टेबलाशी आले. "तुमचं नाव आहे हो! बाहेरच्या नोकऱ्या नाकारणारा निष्ठावान कामगार!" पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर पुढे वाचू लागले, "एक्याण्णवचा ऑक्टोबर. पोलाद कच्चं निघालं, म्हणून दसऱ्याचा ब्रॅकेटचा लॉट कंपनीने आपणहून वितळवला. एकही नग बाहेर गेला नाही."

"कोण म्हणतो?"

"खुद्द शेठनी सांगितलंय, अभिमानाने."

पुंडलिकने पान ओढून घेऊन स्वतः वाचलं. गेलाच नव्हता! सुटलो, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, घटकाभर. मग पालखीची आठवण देऊन शेठनी शिक्का मारून घेतलेले लॉट तो बोटांवर मोजू लागला. चौदा भरले. ते त्याने स्वतःच्या हाताने पास केले होते, आणि ते कुणी वितळवले नव्हते.

"मास्तर, पेन काढा," तो म्हणाला. "ते निष्ठावान खोडा. चौदा लॉट सांगतो, ते लिवा. ते आजून उडतायत."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. पेन काढलं होतं, त्याला हळूच टोपण लावलं.

"पुंडलिक, पुस्तक शेठचं आहे हो."