कोंडाजीचा पाय

निघोज्याच्या गेनूचा उजवा गुडघा तळवड्याच्या कोंडाजीने मोडला, तोही कुस्ती सुटल्यावर. चाकणच्या यात्रेत गेनूने त्याला चीतपट केले होते. पंचांनी हात वर केला, हलगी कडाडली, आणि गेनू उठू लागला तेवढ्यात कोंडाजीने खालूनच त्याचा पाय धरून पिळला. "झटापटीत झालं," असे त्याने सांगितले. पंचांनी मानले.

ही १९५४ सालची गोष्ट. तेव्हा पिंपरीच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथे दरवान म्हणून गेनूचे नाव पक्के झाले होते. पण लंगडत आलेला दरवान कोण ठेवणार? ती जागा कोंडाजीला मिळाली. खाकी कपडे घालून तो चाकणच्या बाजाराला येई आणि गेनू दिसला की मुद्दाम विचारी, "काय पैलवान, पाय काय म्हनतोय?"

गेनू तसाच पुढे चालू लागे. घरी येऊन तालमीत उतरे. दोन वर्षे त्याने एकच डाव घोटला. समोरच्याचा गुडघा धरायचा आणि मोडेपर्यंत सोडायचा नाही. जेवताना, खुरपताना, झोपेतसुद्धा त्याला कोंडाजीचा गुडघाच दिसे. बायकोला, सगुणाला, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे.

वस्ताद तात्याबा वैतागले. "गेन्या, तुजी नजर गुडघ्यावरनं हालत न्हाई. तू काय करनार ते त्येला सलामीलाच कळंल. दुसरा डाव बघ."

"दुसरं काय सुचतच न्हाई वस्ताद. आन मला नकोच हाय."

चाकणच्या यात्रेत कोंडाजीशी पुन्हा कुस्ती ठरली होती, तिला महिना उरला होता. सकाळी ओसरीवर गेनू गुडघ्याला तेल चोळत बसला होता. त्याची नऊ महिन्यांची गवरा रांगत तेलाच्या वाटीकडे निघाली. त्याने तिचा पाय धरला. पोरीने पाय मागे ओढला नाही. तो त्याच्याच हातात ठेवून ती कुशीवर वळली, त्याच्या काखेखालून सुळकन निसटली, वाटीत हात बुचकळला आणि खिदळली. त्याने पुन्हा धरले, ती पुन्हा निसटली. चौथ्या वेळी गेनूला हसू फुटले. हसता हसता तो आडवाच झाला, आणि पोरगी त्याच्या पोटावर चढली. पिठाच्या हातांनी सगुणा दारात आली ती बघतच राहिली. तिने दोन वर्षांत त्याचे हसणे ऐकले नव्हते.

बराच वेळ खेळून झाल्यावर तो तसाच पडून म्हणाला, "सगुणे, म्या पाय वाचवतोय कशापायी? त्येला देऊनच टाकतो की!"

दुपारी तो तात्याबांकडे गेला. "दुखरा पाय म्होरं टाकतो. त्यो हावऱ्यावानी वाकंल. मंग मागं ओढायचाच न्हाई. त्येचा हात काखंत दाबायचा आन त्येच्यासंगंच कुशीवर फिरायचं."

"आन पाठ लागली तर?"

"गवराची न्हाई लागली."

राग गेला नव्हता. पण आता गेनूला कोंडाजी सबंध दिसू लागला. तो वाकताना श्वास रोखतो, डाव्या पायावर जास्त भार देतो, हे त्याला आठवले.

यात्रेत तसेच घडले. दुखरा पाय पुढे दिसताच कोंडाजी त्यावर झेपावला. गेनू त्याच्यासकट फिरला, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कोंडाजीची पाठ मातीला लागली. पंचांनी हात वर केला. गर्दी उसळली.

दोन वर्षांच्या सवयीने धरलेला कोंडाजीचा गुडघा गेनूच्या मुठीत होता.

"पाय नको, गेनू," कोंडाजी पुटपुटला. चेहरा पांढरा पडला होता.

गेनूने पीळ दिला. हाताखाली शिरा ताणल्या, त्याला फार बरे वाटले. आणखी जरासा जोर, आणि झटापटीत झाले म्हणता आले असते. मग त्याच्या मनात आले, पाय मोडला तर चार जण याला उचलून नेतील. लोक हळहळतील. हा कसा हरला ते कुणाच्या ध्यानातही राहणार नाही.

त्याने मूठ सोडली.

"ऊठ. चालत जा."

कोंडाजी उठला. दोन्ही धड पायांनी त्याला सगळ्या गर्दीतून जावे लागले. लोक वाट देत होते आणि एकमेकांना सांगत होते, "लंगड्यानं पाडला रं ह्येला!" कोणीतरी शिट्टी मारली. त्याने मान वर केली नाही.

तात्याबा फेटा घेऊन धावत आले. गेनूने त्यांना हातानेच अडवले.

"थांबा वस्ताद. त्यो दिसतोय तवर बघू द्या."