घर खाली आहे

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जून लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. लूचे गरम झोत सुटतात, कडुनिंबाची पानं भाजल्यासारखी वाजतात, आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. संपदानं आपल्या कामासाठी नेमका हाच उन्हाळा निवडला होता.

संपदा वीस वर्षांची. तिचे वडील अशोकराव केंद्र सरकारच्या नोकरीत. ती लहान असताना नागपूरहून बदली होऊन ते दिल्लीला आले आणि इथलेच झाले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिची एका कार्यक्रमात निवड झाली. त्यात देशोदेशींची तिच्या वयाची मुलंमुली होती, कुणी केनियातली, कुणी पेरूतली, कुणी फिलिपिन्समधली. दर शनिवारी सगळ्यांनी संगणकाच्या पडद्यावर भेटायचं, पुढाकार कसा घ्यायचा, चार माणसं बरोबर कशी घ्यायची ते शिकायचं, आणि आपापल्या वस्तीत एक काम उभं करायचं. ज्यांचं काम चांगलं होईल त्यांना नैरोबीच्या शिबिराला नेणार होते. संपदाला तिथं जायचं होतं. इतकं जायचं होतं, की तिनं ते घरातही कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

काम साधं होतं. कॉलनीत दिवसभर एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे उन्हाळाभर रोज जाऊन यायचं. पाणी आहे का, कूलर चालतोय का, चक्कर तर येत नाही ना, एवढंच पाहायचं. तिनं कॉलनीतली मुलं जमवली. त्यांत बारावीची परीक्षा दिलेला मानस होता. दिल्लीतच जन्मलेला, पण घरी मराठी बोलणारा, म्हणून मराठी घरं तिनं त्याच्याकडे दिली.

एप्रिलमध्ये ओळख करून द्यायला ती त्याला कुमुद आजींकडे घेऊन गेली होती. आजी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मुलगा संग्राम सरकारी नोकरीत, सारखा दौऱ्यावर. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली.

"कुमुद आजी!" संपदानं जाळीच्या दारातून हाक मारली.

"ओऽऽ!" आतून लांबलचक आवाज आला.

मानसला हसू फुटलं. "दीदी, ये ओ क्या है?"

आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "दीदी कोण रे? ताई म्हणावं. आणि हाक आली की ओ द्यायची असते. कौन है, कौन है करायला आपण काय पोलीस आहोत?"

"आजी, मला मराठी येते हं. बिल्कुल येते."

"येते ना? मग ओसरी म्हणजे काय, सांग बघू."

मानसनं संपदाकडे पाहिलं. संपदानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"दोघंही नापास," म्हणत आजींनी दोघांना पन्हं दिलं आणि ग्लास रिकामे होईपर्यंत उठू दिलं नाही.

मे महिना संपदाचा परीक्षेत गेला. जूनमध्ये काम सुरू झालं. शनिवारच्या वर्गात तिला शिकवलं होतं, की पुढाकार घेणाऱ्यानं सगळं स्वतः करायचं नसतं. काम वाटून द्यायचं आणि ज्याला दिलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तिला ते पटलं होतं. मुलं घरोघरी जात आणि फोनवर बोलून पाठवत: अमके ठीक आहेत, तमक्यांना डोकेदुखी आहे. संपदा ते ऐके, कुठं काही लागलं तर धावे, आणि उरलेला वेळ मुनिरका भागात लतिकाकडे घालवी. लतिका मूळची इंदूरची. दिल्लीतल्या मुलांसाठी ती हा कार्यक्रम चालवायची. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून दोघी शनिवारसाठी फोटो निवडायच्या.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात, मानस कुमुद आजींकडे पहिल्यांदा एकटा गेला त्या संध्याकाळी, मेट्रोच्या जिन्यात संपदानं त्याचा निरोप फोनवर ऐकला. "दीदी, कुमुद आजींकडे कुलूप आहे. मी खूप आवाज दिला. समोरच्या काकू म्हणाल्या, त्यांचं घर खाली आहे."

अच्छा, म्हणजे गेल्या वाटतं सुनेकडे, असं मनाशी म्हणून संपदा गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी मानस तिकडे गेला नाही. त्याला जायला सांगावं, असं संपदाच्याही मनात आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती जेवत असताना अशोकराव फोन कानाला लावूनच बाहेर आले.

"संपदा, तुमची मुलं कुमुदताईंकडे जातात ना? गुवाहाटीहून संग्रामचा फोन आहे. कालपासून आई उचलत नाही म्हणतो."

"त्या नाहीत बाबा. त्यांचं घर खाली आहे."

"खाली आहे ते मलाही माहीत आहे. पण त्या फोन का उचलत नाहीत?"

"नाहीत म्हणूनच ना. घर खाली आहे म्हणजे… बंद आहे. कुणी नाही तिथे."

अशोकरावांनी फोन कानापासून बाजूला केला. "अगं, गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता त्यांना. गेल्या महिन्यात संग्रामनं क्वार्टर बदलून घेतलं. त्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर. खाली म्हणजे खाली!"

संपदा भरल्या ताटावरून उठली.

भर दुपारी बापलेक धावत निघाले. वाटेत तिनं मानसला फोन केला. तळमजल्याचं दार आतून बंद होतं. तिनं हाका मारल्या. आत कूलर चालू होता. शेजारच्या दोघांनी मिळून दाराची कडी तोडली. कूलरमधलं पाणी केव्हाच संपलं होतं आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. कुमुद आजी पलंग आणि स्वयंपाकघराच्या मध्ये जमिनीवर पडल्या होत्या. ओठ फुटलेले, अंग तापलेलं. श्वास चालू होता.

अशोकराव अँब्युलन्सबरोबर गेले. मानस पोचला तेव्हा वरच्या प्रभा काकू जिन्यात उभ्या राहून रडत होत्या. त्या दिवशी आजींच्या जुन्या घरासमोर त्यानं विचारलं होतं ते त्यांनाच.

"काकू, तुम्हीच म्हणालात ना घर खाली आहे!"

"अरे, मग खालीच तर आहे!" प्रभा काकूंनी पायरीवर पाय आपटला. "खाली! ह्याच्या खाली! कुकरची शिट्टी होत होती म्हणून मी आतूनच सांगितलं. मला वाटलं, हा मुलगा उतरून जाईल."

मानस जिन्यावर खाली बसला.  त्यानं जे ऐकलं ते शब्दाला शब्द संपदाला कळवलं होतं. ते मराठी वाक्य तिनंही हिंदी कानांनीच ऐकलं होतं. आणि त्याला दुसऱ्या मजल्यावरचं दार दाखवलं होतं तेही तिनंच. मे महिन्यात एक फेरी मारली असती, तर आजी कुठं राहतात ते तिला कळलं असतं.

संग्राम रात्रीच्या विमानानं आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो संपदावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"आई सांगायची, पोरं रोज येणार आहेत, तू काळजी करू नको," तो म्हणाला. "म्हणून मी गेलो. तुमचं हे काम नसतं तर मी शेजारी सांगून गेलो असतो. नाहीतर दौराच रद्द केला असता."

प्रभा काकू बाकाच्या कडेला बसल्या होत्या. खाली बघत त्या पुटपुटल्या, "मीही त्याच भरवशावर राहिले. म्हटलं, मुलं बघतायत."

हे वाक्य संपदाला सगळ्यात जड गेलं. तिची मुलं त्या दारी पोचली नव्हती, एवढंच झालं नव्हतं. त्यांच्या येण्याच्या भरवशावर, जे एरवी डोकावले असते तेही घरात बसून राहिले होते.

चार शब्द बोलता यायला लागले तेव्हा कुमुद आजींनी मानसला जवळ बोलावलं.

"तू आला होतास ना रे? वर हाका मारत होतास. मला ऐकू येत होतं."

मानसनं मान हलवली.

"मी ओ दिली," आजी म्हणाल्या. "दोनदा दिली. पण तो मेला कूलर. त्याचं बटण हाताला येईना."

डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला आहे, पण मूत्रपिंडांना धक्का बसला आहे. यापुढे जपावं लागेल.

शुक्रवारी संपदा मुनिरक्याला गेली. लतिकानं सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉपवर फोटो तयारच होते. ताक पिणारे आजोबा, ओल्या टॉवेलनं मान पुसणारी एक बाई.

"यार संपदा, उद्या निवड आहे," लतिका म्हणाली. "एका घरी चूक झाली. पण बाकीच्या घरांत तुमच्यामुळे फरक पडला, हेही खरंच ना?"

"खरं आहे."

"मग ते सांग. आणि हे सांगायचंच असेल, तर भाषेमुळे गैरसमज झाला म्हण. त्यात खोटं काहीच नाही. मानसला वाचवायलाही तेच बरं."

"गैरसमज झाला म्हटलं की तो कुणी केला ते सांगावं लागत नाही," संपदा म्हणाली.  लतिकानं फोटोंची खिडकी बंद केली.

शनिवारी पडद्यावर जगभरचे चेहरे उगवले. कुठं पहाट होती, कुठं रात्र. संपदानं एकही फोटो दाखवला नाही. तिनं सांगितलं, जुना पत्ता मी दिला. निरोप मला बरोबर मिळाला होता, मी तो चुकीचा ऐकला. आणि मग संग्राम जे बोलला होता तेही सांगितलं: आम्ही हे काम हातात घेतलं नसतं, तर त्या बाईंकडे दुसरं कुणीतरी गेलं असतं.

 केनियाची एक मुलगी पुढे वाकली. तिनं विचारलं, "मग आता तुम्ही काय करणार?"

"मला अजून माहीत नाही," संपदा म्हणाली. 

नैरोबीच्या नावांत तिचं नाव आलं नाही. त्या रात्री ती रडली, अगदी लहान मुलीसारखी, आणि आपण कुणासाठी रडतोय याची तिला लाजही वाटली.

महिन्याभरानं आजी थोरल्या मुलाकडे सांगलीला निघाल्या. दिल्लीचा उन्हाळा आता त्यांना सोसणार नव्हता. संग्रामनंही दुसरीकडे बदली मागून घेतली. संपदा सामान बांधायला गेली.

"आजी, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"रागावले तर आहेच. जीव जाता जाता राहिला माझा." आजींनी शालीची घडी तिच्या हातात दिली. "बरं, वरच्या प्रभाकडे तुमचं कोण जातं?"

"त्या एकट्या नाहीत. मुलीजवळ राहतात."

"मुलगी सकाळी ऑफिसला जाते ती दिवेलागणीला येते. दारात उभी राहून सगळ्यांशी बोलते ना प्रभा, म्हणून तिला कुणी विचारत नाही. उद्यापासून जा. आणि माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलू नका."

पाऊस लांबला होता. हवा घामट, चिकट झाली होती. दुसऱ्या दिवशी संपदा मानसला घेऊन त्याच बिल्डिंगमध्ये गेली. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं.  तळमजल्याच्या दाराशी त्याचे पाय थांबले. कडी नवी बसवली होती. त्यानं दारावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात हाक मारली, "कुमुद आजी."

वरच्या कठड्यावरून प्रभा काकू वाकल्या. "अरे, रिकामं आहे ते घर. काल गेल्या ना त्या."

"रिकामं," मानस स्वतःशीच म्हणाला. शब्द पाठ करावा तसा त्यानं तो पुन्हा एकदा म्हटला.

मग दोघं जिना चढून वर गेले. तोवर काकू आत गेल्या होत्या. गॅसवर काहीतरी होतं. मानस जाळीच्या दारापुढे उभा राहिला.

"प्रभा काकू!"

"अरे, आत्ताच बोलले ना मी तुझ्याशी?" आतून आवाज आला.

मानस जागचा हलला नाही. संपदाही त्याच्या शेजारी थांबली. आत भांड्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

"ओ," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी येऊन दार उघडलं.