पंचामृतातले बाण

खंडेनवमीला मी गच्चीवरून खाली आले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे सगळे बाण देवघरापुढच्या परातीत आडवे पडले होते. वर दूध, दही, मध, त्यावर हळदकुंकू. सासूबाई समाधानाने हात पुसत होत्या.

हे लाकडी बाण मी उन्हाळाभर घरीच केले होते. रंधायचे, घासायचे, बाक काढायचा. धनुष्याच्या मानाने बाण फार ताठ असला की डावीकडे जातो, फार लवचीक असला की उजवीकडे. म्हणून घासायचा, सोडून बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटचं घासणं राहिलं होतं, म्हणून वार्निशही दिलं नव्हतं. कोरं लाकूड पंचामृत पिऊन वाकलं होतं. पिसं दोऱ्याने बांधलेली होती म्हणून सुटली नाहीत एवढंच, पण पार चिकटली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या तिरंदाजी संघाची निवड.

मी तोंडाचा पट्टा सोडला. "आई, बाणांना कुणी अंघोळ घालतं का?"

"अगं, शस्त्र आहे ना ते. ह्यांच्या पोथ्या पुजल्या, तुझ्या नवऱ्याचा, मुकुलचा, लॅपटॉप पुजला. घरात खरं शस्त्र तुझंच, ते बिना पूजेचं ठेवू?"

लग्न होऊन आल्यापासून त्या माझ्या बाणांना काड्या म्हणायच्या. पण रागात असलं काही ऐकू येत नाही. मी बाण उचलायला वाकले, तर त्यांनी हात धरला. पुजलेल्या वस्तूला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हिंदी मुलखातल्या, दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी घरात हा नियम इतका कडक, की गेल्या वर्षी सासऱ्यांनी पंचांग पूजेत होतं म्हणून तिथी शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिली.

"उद्यापर्यंत असेच राहिले तर मेले हे," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं.

आईंनी अक्षता घेतल्या, बाणांवर टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हणाल्या आणि परात माझ्याकडे सरकवली.

"झाली उत्तरपूजा. जल्दी सांग, काय करायचं?"

त्या एका क्षणासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

बाण धुतले. वाफ दिली की पिसं पुन्हा फुलतात, असं मी सांगताच त्यांनी मोदकपात्र चढवलं आणि एकेक बाण वाफेवर धरून फिरवला. शेजारच्या शेगडीवर मी लाकूड शेकून, एक डोळा मिटून, तळहाताने बाक काढत गेले. ऊन उतरायच्या आत गच्चीवर पेंढ्याच्या पोत्यावर ते सोडून बघितले. एकच डावीकडे गेला.

"हा अजून अकडू आहे," आई म्हणाल्या. "घास त्याला."

माझी संघात निवड झाली. दसऱ्याच्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई देवघरासमोर हात जोडून बसल्या होत्या. वाफेने भाजलेली बोटं लाल दिसत होती.

"देवीची क्षमा मागताय?"

"तिची कालच मागितली. मान गई ती. तुझी राहिली होती, तिचा सराव करत होते. सुनेपुढे हात जोडायची आदत नाही ना मला."

मी ते जोडलेले हात उघडले, त्यात आपट्याची पानं ठेवली आणि पाया पडले. बोलायचं पुष्कळ होतं. "आई, सोनं घ्या," एवढंच जमलं.