टर्नरच्या हातचा स्क्रू

रेडिओवाल्याच्या दुकानात वरच्या फळीवर एक जुना रेडिओ वर्षभर धूळ खात होता. मालक एक म्हातारे टर्नर, लेथवर आयुष्य काढलेले. दुरुस्तीला देऊन गेले ते परत फिरकलेच नाहीत. रेडिओवाल्यानं काम उरकून दोन महिने वाट पाहिली. मग एकदा दुसऱ्या एका बाईंची घाई होती, म्हणून त्यानं या रेडिओचं बटण दांडीला धरून ठेवणारा स्क्रू काढून त्यांच्या रेडिओला लावला. तांदळाच्या कणीएवढा, बिनडोक्याचा, वर नुसती खाच. ‘बघू नंतर,’ म्हणाला आणि विसरून गेला.

सोमवारी टर्नरची सून दारात उभी.

“मामंजी वर्षभर अंथरुणाला खिळून होते. आता उठून बसतात, पण दिसत नाही फारसं. सारखी रेडिओची आठवण काढतात. झालाय ना?”

“झालाय की, वहिनी. जरा शेवटचा हात फिरवायचाय. गुरुवारी मीच घेऊन येतो.”

ती गेल्यावर त्यानं रेडिओ खाली काढला आणि बटणातल्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं. माणूस वर्षभर अंथरुणात, आणि आपण त्याच्या वस्तूवर हात मारला!

त्या बाईंकडून स्क्रू परत मागायचा तर त्यांनाही सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून त्यानं सगळे डबे पालथे घातले. नवा स्क्रू दोन फेरे जाऊन अडायचा, कारण आटे जुन्या मापाचे. जोर लावला असता तर बटणच कामातून गेलं असतं. घड्याळवाल्याकडचे स्क्रू फारच बारीक निघाले. सायकलवाला हसला, “तुझाच एखादा ढिला झाला असेल, बघ!” त्याला हसू आलं नाही. शेवटी बुधवारी भंगारवाल्याकडे त्याच काळातला एक मोडका मीटर सापडला. त्याच्या बटणाचा स्क्रू लोण्यासारखा आत गेला. केसभर लांब होता, तेवढा त्यानं कानशीनं घासला.

गुरुवारी म्हाताऱ्यांनी बटणावर अंगठा फिरवला आणि थांबले.

“हा माझा नाही. माझा मी स्वतः लेथवर केला होता. खाच जरा तिरकी गेली होती, हात हलला होता माझा.”

थाप मारायला जीभ उचलली होती त्यानं. पण ती टाळ्याला चिकटली.

“चुकलो, काका. तुमचा दुसऱ्याच्या रेडिओला लावला. तुम्ही येत नाही म्हणून...”

“तो रेडिओ वाजतो?”

“वाजतो. आत्ता जाऊन काढून आणतो.”

“नको. लागलाय तिथं राहू दे.” म्हाताऱ्यांनी रेडिओ चालू केला. “निरोप धाडला असतास, तर दिलाच असता रे.”

ते शिव्या देते तर बरं झालं असतं. सुनेनं पुढं केलेला चहा त्यानं कसाबसा संपवला. म्हातारे स्टेशन शोधत होते, आणि प्रत्येक फेऱ्याला त्यांचा अंगठा त्या खाचेपाशी क्षणभर अडत होता. ते बघवेना, म्हणून तो चपला शोधायला लागला.