ओठांपुरतं चित्र

कान गेल्यापासून बाबा बुवांचं निरूपण डोळ्यांनी ऐकत. रोज सकाळी नऊला खिडकीशी बसायचं, फोनचा आवाज पार बंद करायचा आणि बुवांच्या ओठांवर नजर लावायची. बुवा गाऊ लागले की बाबांचं बोट गुडघ्यावर ताल धरायचं. गेले चार दिवस मात्र ते पाच मिनिटांतच फोन पालथा ठेवून उठत होते.

"काय झालं?" लेकीनं समोर बसून, सावकाश विचारलं.

"बुवांच्या तोंडाला कोणी पीठ फासलंय असं दिसतं. नाम चाललंय की निरूपण, काही कळत नाही. नवीन नेटवर्क आलं म्हणून तूच मिरवत होतीस ना?"

लेक ओशाळली. त्या नेटवर्कवर कोणाला किती चित्र आणि किती आवाज पाठवायचा, हे ठरवणारी एआय यंत्रणा तिच्याच गटानं शिकवून तयार केली होती. चार दिवसांपूर्वी ती निम्म्या शहरात सुरू झाली होती; उद्या सगळीकडे जायची होती.

ऑफिसात तिनं बाबांच्या फोनची नोंद काढली आणि कपाळाला हात लावला. लाखो लोकांच्या सवयी पाहून यंत्रणेनं मनाशी पक्कं केलं होतं की निरूपण लावणारा माणूस फोन खिशात टाकून कामाला लागतो, त्याला आवाज पुरतो. आणि ज्याचा आवाजच शून्यावर, तो तर झोपलेला. त्याला चित्र कशाला?

"तुझ्या वडिलांपायी उद्याचं सगळं थांबवायचं?" गटप्रमुख म्हणाले. प्रत्येक गोष्ट टक्क्यांत मोजायचे म्हणून त्यांना सगळे मागं 'टक्केवारी' म्हणत. "तक्रारी निम्म्यावर आल्यात, बाई."

"फोन पालथा ठेवून उठणारे तक्रार करत नाहीत, सर."

"असे आहेत तरी किती?"

"आवाज शून्य, स्क्रीन सुरू, फोन हातात. अकराशे चाळीस. निम्म्याच शहरात."

"सगळे काही बहिरे नसतील."

"नसतील. कोणाच्या मांडीवर बाळ झोपलं असेल. पण बघतायत ना?"

टक्केवारी आकड्याकडे बघत राहिले. "दोन दिवस. तिसरा मागू नकोस."

दोन दिवसांत तिनं यंत्रणेला नव्यानं शिकवलं: अशा फोनवर मागचा पडदा, समोरची गर्दी धूसर झाली तरी चालेल, जी काही स्पष्टता देता येईल ती आधी चेहऱ्याला.

तिसऱ्या सकाळी नऊला ती बॅग खांद्याला लावून दारातच घुटमळली. दहा मिनिटं झाली. फोन पालथा पडला नाही.

"बुवा आज एक ओळ गाळून पुढं गेले," बाबा फोनकडे बघतच म्हणाले.

"कुठली?" तिनं विचारलं.

बाबांनी मान वर केली नाही. बोट गुडघ्यावर चालू होतं.