बॉनेटवरचं पाणी

"पेटली! पेटली गा गाडी!"

मागच्या रांगेतला कोणीतरी ओरडला आणि बंद पडलेल्या राईस मिलच्या आवारात जमलेली गर्दी दोन पावलं मागे सरली. काळ्या गाडीच्या बॉनेटवर निळसर ज्वाळा लवलवत होत्या. शेजारी भगवी कफनी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेला गुलाबचंद महाराज हात उंचावून उभा होता. बायकांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात महाराजाने ओलं फडकं आगीवर टाकलं, एकदा पुसलं आणि बाजूला झाला. बॉनेटवर डाग म्हणून नव्हता. गर्दीचे चेहरेसुद्धा त्यात दिसत होते.

"बोलो, कुछ हुआ?" महाराज गरजला. "कंपनी काय देते? रंग! रंग तो होली में भी मिलता है. आपण देतो कवच! कर्णाला जन्मतः मिळालं होतं, तुम्हाला अर्ध्या तासात मिळेल. सिरॅमिक दिव्य कवच! नाइन एच! नाइन एच म्हणजे काय? नऊ ग्रह! एकेका ग्रहाचा एकेक थर!"

टाळ्या पडल्या. तिरोडा-गोंदिया रस्त्यावरच्या त्या गावात दसऱ्याच्या आधी महाराज आला होता आणि महिन्याभरात गावातल्या जवळपास प्रत्येक गाडीला त्याचा लेप लागला होता.

गर्दीत उभ्या असलेल्या रविताच्या मनात मात्र काहीतरी टोचलं. एच? एच तर पेन्सिलीवर असतं. एचबी, टू एच. दरेकश्याच्या माहेरातून रोज रेल्वेने गोंदियाला जाऊन तिने बी.एस्सी. केलं होतं. रंगाचा थर किती कडक, हे त्याच्यावर पेन्सिली ओढून मोजतात, असं कधीतरी वाचलेलं तिला आठवलं. ग्रह त्यात कुठून आले? पण ती बोलली नाही. सासरी आल्यापासून न बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"आता परीक्षा!" महाराजाने पितळी लोटा उचलला. "कवच चढवलं म्हणून झालं नाही. घर पाक तो कवच पाक. ज्याच्या घरी दोष, त्याच्या गाडीवर पाण्याचे मणी होणार नाहीत."

पहिली गाडी चुन्नीलालची. गावाला दूध घालणाऱ्या चुन्नीलालची गाडी बाराही महिने गोठ्यामागे ताडपत्रीखाली झाकलेली असे. लोट्यातलं पाणी पडताच त्याचे टपोरे मणी झाले आणि टपाटप घरंगळून गेले.

"पुण्यवान!" महाराज म्हणाला.

"चुन्नीलाल पुण्यवान?" एक म्हातारा पुटपुटला. "मंग दुधातलं पाणी कोण टाकते, त्याची म्हैस?"

दुसरी गाडी ओमेश्वरची, रविताच्या नवऱ्याची. मरून रंगाची. तिच्यावर तो तिरोड्याहून गोंदियाला प्रवासी नेत असे. महाराजाने पाणी ओतलं. मणी झाले नाहीत. पाणी सपाट पसरलं, ओल्या धोतरासारखं पत्र्याला चिकटून राहिलं.

पुढच्या रांगेतले लोक बघायला वाकले.

"गाडीला कोणाचा हात लागतो?" महाराजाने हळूच विचारलं.

ओमेश्वरची आई रामबाई पुढे आली. "सून धुवते, महाराज. दसऱ्यालेबी तिनंच धुतली."

महाराजाने डोळे मिटले. मग रविताकडे बोट न दाखवता, नुसती मान तिच्या दिशेने वळवून तो म्हणाला, "हातात दोष आहे. पुढच्या रविवारी शुद्धी. जळता कापूर या तळहातावर. हात पाक असेल तर जळणार नाही. बोनट जळलं का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

मागून एका बाईने शब्द टाकला, अगदी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "टोनही."

टोनही म्हणजे चेटकीण. रविताने दोन्ही हात पदराखाली घेतले.

*

तो आठवडा तिला एका जागी बसू देईना. धान कापून खळ्यावर आलं होतं, पण ती राशीजवळ गेली की रामबाई म्हणे, "राशीले हात नोको लावू, बाई. रविवार होऊ दे." कणिक मळायला बसली तर परात ओढून घेतली जाई. घरात काम डोंगराएवढं आणि हातांना काही नाही. ती विहिरीपर्यंत जाई, परत येई, अंगणात उभी राही, पुन्हा विहिरीकडे जाई. तळहात सारखा खाजल्यासारखा वाटे. कापूर किती वेळ जळतो? ती मनात अंदाज करी आणि अंदाज नको वाटला की मूठ आवळी.

ओमेश्वरलाही चैन नव्हती. थांब्यावर त्याची गाडी पहिली लागली तरी लोक मागच्या गाडीत बसत.

"एका घडीचं काम आहे," तो खाली बघत म्हणाला. "कापूरच तं आहे."

"मंग तुमी ठेवा तुमच्या हातावर."

"माह्यात दोष नाही सांगतला त्यानं."

"आणि माह्यात आहे?"

ओमेश्वर उठून गाडी पुसायला गेला. पुसून झालेली गाडीच तो पुन्हा पुसत राहिला.

दुपारी रविता ललिताच्या घरी गेली. ललिता गावच्या अंगणवाडीत सेविका होती, आणि तिच्या नवऱ्याच्या, खेमराजच्या गाडीवरही त्या दिवशी पाणी पसरलं होतं.

"तुले नाही बोलावलं शुद्धीले?" रविताने विचारलं.

"बोलावून तं पाहो म्हणा!" ललिता हसली. "आमच्यात हे चालत नाही, त्याले ठाऊक आहे. खेमराजले मी शंभरदा सांगतलं, लेप कायले लावतं? तं म्हणते, चमकते ना! आता चमक पाहून राहिला बसून. तू काऊन एवढी सुकली वो?"

"मले एक सांग. गाडी कायनं धुतली तू?"

"कायनं म्हणजे? तुह्याच घरून तं राख नेली! दसऱ्याले आमाले दीक्षाभूमीवर जायचं होतं, गाडी चकाचक पाहिजे म्हणून."

रविता उभीच राहिली. दसऱ्याची सकाळ तिच्या डोळ्यांसमोर आली. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, पितळी घागरी आणि आता गाडीसुद्धा. सगळं एकाच बादलीतल्या मालाने घासायचं, ही सासूची रीत. बादलीत धानाच्या तुसाची राख आणि भांडी घासायची सोड्याची पावडर. घागर लखलखली, विळा लखलखला, म्हणून त्याच चोथ्याने तिने गाडीही घासली होती. तुसाच्या राखेत सिलिका असते. बारीक काचेने घासल्यासारखंच.

"ललिते, ज्यांच्या गाडीवर पाण्याचे मणी झाले, त्यांनी कायनं धुतली असंल?"

"चुन्नीलालनं? त्यानं ती धुतलीच कधी! फडकं मारते फक्त."

घरी परतताना रविता चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. न्हाणीमागे धोप्याची, म्हणजे अळूची, पानं माजली होती. तिने एका पानावर पाणी टाकलं. पाऱ्यासारखा मणी इकडून तिकडे पळाला. मग तेच पान तिने राख-पावडरीने चोळलं, स्वच्छ धुतलं आणि पुन्हा पाणी टाकलं. पान भिजलं. पाणी पसरून बसलं.

"आता या पानानं कोणतं पाप केलं?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिला हसू आलं.

पण पान म्हणजे गाडी नव्हे. दुसऱ्या दिवशी ती तिरोड्याला गेली आणि गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून मेणाच्या पॉलिशची साधी डबी घेऊन आली. झाकण उघडलं आणि तोच वास आला. महाराजाच्या दिव्य कवचाचा, केळं आणि रॉकेल मिसळल्यासारखा. ओमेश्वर घरी जेवायला आला तेव्हा तिने त्याच्यादेखत बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागाला मेण लावलं, वाळू दिलं, मऊ फडक्याने पुसलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. डावीकडे मणी उभे राहिले. उजवीकडे पाणी लोळलं.

ओमेश्वरने दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं. "मंग हे... कवच?"

"मेण आहे. खरं सिरॅमिक असं अर्ध्या तासात उन्हात बसत नाही. आधी रंग पुरता साफ करावा लागते, तेलकटपणा काढावा लागते, सावलीत लावून वाळू द्यावं लागते. पुढं काही दिवस धुवायचीबी नसते. तसं असतं तं एका धुण्यानं गेलं नसतं."

"आईले सांग ना मंग."

"आईले सांगून काय होते? टोनही म्हणणारे तं आवारात उभे होते. तिथंच सांगीन."

रविवार येईपर्यंत तिला तरी चैन कुठे होती? गर्दीसमोर आपला आवाज फुटेल का, याचीच तिला खात्री नव्हती.

*

राईस मिलच्या आवारात गर्दी दुप्पट झाली होती. पाटावर कापराच्या वड्या, शेजारी काडेपेटी. महाराज मंत्र म्हणत होता, त्यात मधूनच "नॅनो" आणि "सिरॅमिक" येत होतं.

"या, माई," तो म्हणाला. "हात पुढे."

रविता पुढे आली. तिच्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात मऊ सुती फडकं.

"आधी मले एक विचारायचं आहे, महाराज." आवाज कापला, पण आला. "तुमच्या काळ्या गाडीले कवच आहे ना?"

"पहिलं कवच! नाइन एच!"

"मंग तिच्यावर ओरखडा पडणार नाही?"

"तलवार से भी नहीं!"

"मंग हे तं नुसतं फडकं आहे. आणि भांडे घासायची पावडर. राखसुद्धा घातली नाही मी. अर्धं बॉनेट धुवून पाहू?"

महाराजाचा हात नकळत बॉनेटवर गेला. "हे... विधीत बसत नाही."

"तलवारीले भेत नाही आणि पावडरीले भेते?" ललिताचा आवाज मागून आला. "हे कोणतं कवच वो बाप्पा?"

हशा पिकला. चुन्नीलालही हसला, मग आपण पुण्यवान आहोत हे आठवून गप्प झाला. गर्दीतल्या लोकांनीच महाराजाला प्रेमाने बाजूला केलं.

रविताने उजवी बाजू पावडरीच्या कढत पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. मग ललिताने आणून दिलेलं स्वच्छ पाणी ओतत राहिली. "पावडरीचा अंश राहिला तरी पाणी पसरते," ती धुता धुता सांगत होती. "मंग म्हणाल, साबण होता म्हणून झालं. म्हणून चांगलं निथळू द्या." तिचा आवाज आता कापत नव्हता. मोजून-मापून काम करताना तो कधीच कापत नसे.

तिने पाटाजवळचा पितळी लोटा उचलला आणि बॉनेटच्या मध्यावर पाणी ओतलं.

डावीकडे मणी टपटपले. उजवीकडे पाणी सपाट पसरलं. मधली रेघ फुटपट्टीने आखल्यासारखी दिसत होती.

"महाराज," रविता म्हणाली, "गाडी तुमची. लेप तुमचा. लोटा तुमचा. या अर्ध्या बॉनेटवर दोष कोणाचा?"

महाराज कफनीच्या खिशात गाडीची किल्ली चाचपू लागला.

"याच्याच हातावर ठेवा कापूर!" कोणीतरी ओरडलं. दोघं-तिघं काडेपेटीकडे धावले.

"नाही!" रविता अशी ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. "कोणाच्याच हातावर नाही. कापूर पुण्यवानाचाबी हात भाजते आणि पाप्याचाबी. हात म्हणजे कातडं आहे. त्यानं बॉनेटवर जाळलं ते वरच्यावर पेटणारं स्पिरिट होतं. पत्रा तापायच्या आत फडकं टाकलं की झालं. कोणत्याही गाडीवर होते ते. पण घरी करून पाहू नका, उगीच एखाद्याची गाडी खरंच जळंल."

"आणि बाईच्या हातावर कापूर ठेवणाऱ्यासाठी कायदा झाला आहे आता," ललिता पुढे येत म्हणाली. "पोलीस पाटलाले बोलावलं आहे मी. तो येईल तवा सांगजा नवग्रह."

पोलीस पाटील पोचला तेव्हा महाराज अर्धी पुण्यवान, अर्धी पापी गाडी चालू करायच्या बेतात होता. लोकांनी वाट सोडली नव्हती.

ओमेश्वर रविताजवळ आला आणि सगळ्यांदेखत तिच्या हातातली बादली स्वतः घेतली. रामबाई मात्र आपल्या मरून गाडीकडे गेली होती. बॉनेटवर वाकून, डोळे बारीक करून ती राखेचे बारीक ओरखडे बघत होती.

"रविता," ती शेवटी म्हणाली, "गाडी राखेनं कायले घासली वो? पाह्य कशी खरवडली!"

"चुकलं, आई. गाडीचा शाम्पू वेगळा मिळते. मऊ फडकं, भरपूर पाणी, सावली. एवढंच लागते."

"मंग तसं सांगायचं ना," रामबाई पुटपुटली. मग पदर खोचत म्हणाली, "चाल घरी. धानाची रास पडून आहे."

दोष हातातून निघून बादलीत गेला होता. गाडीला मेण लावा नाहीतर सिरॅमिक, आपापल्या गरजेप्रमाणे लावा. मेण काही आठवडे टिकतं. खरं सिरॅमिक नीट धुतलं, वरची धूळ आणि पाखरांची घाण वेळच्या वेळी काढली, तर वर्षं-दोन वर्षं टिकतं. दगड लागला तर दोन्हींतून रंग उडतो. अपघात, साडेसाती आणि शेजाऱ्याची नजर यांवर दोन्हींचा काही उपयोग नाही. विकणाऱ्याला एवढंच विचारा की हे काय आहे, कशाने धुवायचं आणि कशाने निघतं. आणि उद्या कुठल्या बॉनेटवर पाणी पसरलं, तर घरातल्या बाईचे हात तपासू नका. आधी पावडरीचा डबा तपासा.

त्या दिवशी दुपारी रविताने धानाच्या राशीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले आणि बराच वेळ तसेच ठेवले.