ऊन आहे ना

"काका फोटोत पाहिजेतच, काकू. मीटर त्यांच्या नावावर आहे. पॅनलशेजारी त्यांचा चेहरा दिसला नाही, तर अनुदान अडकून बसेल," सोलरवाला जिन्यावरून उतरत म्हणाला.

काकूंनी खोलीत पाहिलं. काका खुर्चीत बसले होते. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनला. उमेदीची सगळी वर्षं खडी फोडण्याच्या कामावर गेली होती आणि तिथल्या धुळीनं छातीत कायमचं बस्तान मांडलं होतं. मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागणारा माणूस गच्चीवर कसा चढणार?

"कपाटं चढवता ना तुम्ही लोक माडीवर?" काका आतून म्हणाले. "मग मलाही चढवा. मी कपाटापेक्षा हलका आहे. शिवाय माझी दारं मध्येच उघडत नाहीत."

सोलरवाल्यानं शेजारच्या एकाला हाक मारली. दोघांनी खुर्चीसकट काकांना उचललं. मागून काकू, छोटा सिलिंडर कडेवर घेऊन. गच्चीवर टेकवल्यावर काका मान वर करून बघतच राहिले. आजारपणात त्यांचं आभाळ खिडकीएवढं होऊन गेलं होतं. मग त्यांनी निळ्या पॅनलांवर हात फिरवला.

"अगं, सूर्य कामाला लागला आपल्याकडे. तेही बिनपगारी!"

फोटोची वेळ आली तेव्हा म्हणाले, "ती नळी काढ. सरकारला कशाला आपली रडगाणी?"

काकूंनी नळी काढली, बोटांनी त्यांचे केस सारखे केले आणि फोटो निघेपर्यंत स्वतःचाही श्वास रोखून धरला.

काकू घरी बसून जुने कपडे नीट करून द्यायच्या. चेन बदलायची, पँट आखूड करायची, काखेत उसवलेलं शिवायचं. कान मात्र कायम आतल्या मशीनकडे. त्या भागात वीज जायची ती बहुतेक भर दिवसा; तारांची दुरुस्ती काही संपत नव्हती. वीज गेली की ऑक्सिजनचं मशीन किंचाळून थांबायचं. काकू हातातलं टाकून धावायच्या, कोपऱ्यातल्या मोठ्या सिलिंडरची चावी पान्यानं फिरवायच्या आणि नळी तिकडे जोडायच्या. चावी भलती घट्ट होती. काकांच्या हाताला ती कधी बधली नाही. त्यामुळे कोणी घरात बसायला असल्याशिवाय काकूंनी फाटकाबाहेर पाऊल टाकणं सोडूनच दिलं होतं.

म्हणूनच पॅनलला सरकार अनुदान देतं हे कळल्यावर त्या हात धुऊन त्याच्या मागे लागल्या. सोलरवाल्याला विचारून विचारून भंडावून सोडलं. ढग आले तर? गारा पडल्या तर? रात्रीचं काय? त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. रात्री तारेतलीच वीज वापरायची, बॅटरीची गरज नाही, असंही सांगितलं. ऊन असताना वीज गेली तर पॅनल चालतील का, हे तेवढं काकूंनी विचारलं नाही. उन्हात कपडे वाळतात का, असं कोणी विचारतं का? आणि त्यानंही ते सांगितलं नाही. त्याचं गिऱ्हाईक नेहमी बिलाचंच विचारायचं.

पॅनल सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, लख्ख दुपारी, काकूंकडची करड्या रंगाची चेन संपली.

"जा की घेऊन ये," काका म्हणाले.

"तुम्ही एकटे..."

"ऊन आहे ना! जा. जरा माणसांत जाऊन ये."

काकू गेल्या. दुकानात चेनचा रंग लावून बघत होत्या तोच वरचा पंखा थांबला. "गेली बघा," दुकानदार म्हणाला. पिशवी उचलून काकू दारापर्यंत आल्यासुद्धा. मग रस्त्यावरचं ते पांढरंशुभ्र ऊन दिसलं आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"जाऊ दे, गेली तर गेली. आमच्याकडे सोलर आहे," त्या म्हणाल्या. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

दुकानदारानं स्टूल पुढे केलं. काकू बसल्या. बटणं पाहिली, नको असलेली लेससुद्धा पाहिली. किती वर्षांनी अशा विनाकारण कुठे बसल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा पंखा पुन्हा फिरू लागला होता.

घरी मशीन घुमत होतं. काकांची मान एका बाजूला कलली होती. काकूंना वाटलं, डोळा लागला. पायाशी पाना पडला होता. करत बसले असतील काहीतरी खटपट, म्हणून त्यांनी तो उचलून खिळ्याला अडकवला आणि मग हाक मारली. पुन्हा मारली.

डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलंच नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच सांगत. "मशीन चालू होतं हो. श्वास कमी पडला नाही त्यांना." त्या एका वाक्याच्या उशीवर त्यांना झोप लागायची. तारांची दुरुस्ती त्याच सुमारास एकदाची संपली होती, वीज जाणं थांबलं होतं. त्या मशीन रात्रंदिवस तसंच चालू ठेवत. रिकामी खुर्ची परवडली, पण ती शांतता सोसवेना.

अनुदान मिळण्याआधीची शेवटची तपासणी करायला साहेब आले. बरोबर सोलरवाला, मान खाली घालून. साहेबांनी पॅनल पाहिले, फोटो पाहिला.

"हे का ते? तब्येत छान दिसते."

"हो," काकू म्हणाल्या. "फोटोत छान आली."

खाली येऊन जिन्याजवळच्या पेटीपाशी साहेब थांबले. "आता शेवटची चाचणी," म्हणत त्यांनी घराचा मेन स्विच पाडला.

आत मशीन किंचाळलं आणि थांबलं. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. अंगणात ऊन नुसतं रटरटत होतं.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "चोख काम आहे."

"साहेब, ऊन आहे," काकू म्हणाल्या. "ऊन असताना बंद कसं पडलं?"

"पडायलाच पाहिजे, ताई. बाहेरची वीज गेली की हेही आपोआप थांबतं. नाहीतर इथली वीज तारेत जायची आणि खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरायचा."

काकूंनी खोलीत पाहिलं. खिळ्याला पाना होता. म्हणजे काका उठले होते. भिंत धरून कोपऱ्यापर्यंत गेले होते. चावी फिरली नव्हती. परत खुर्चीपर्यंत आले होते, काकूंची वाट बघत. आणि त्या तेव्हा स्टुलावर बसून बटणं निवडत होत्या.

सोलरवाला त्यांच्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकू... काका गेले त्या दुपारी, लाईट होती ना?"

काकांना खांद्याइतकं उंच उचलून आभाळ दाखवणारा तो माणूस. काकूंनी पदराखाली हात घट्ट आवळले.

"होती," त्या म्हणाल्या. "होती रे बाबा."

साहेबांनी मेन वर केला. हिरवा दिवा लागला, आतलं मशीन पुन्हा घुमू लागलं.

"काही तक्रार?"

"नाही."

दोघं गेल्यावर काकू आत आल्या. खुर्चीवरची नळी त्यांनी नीट गुंडाळली, मशीनवर ठेवली. मग खाली वाकून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं.